सरावाची खोली

"चादरीला एक सुरकुती राहिली तरी पाहुण्याची झोप मोडते, असं पुस्तकात दिलंय, आपल्याकडे निदान ती भीती नाही."

बाई एकदा वर्गात असं म्हणाल्या आणि मुली खो खो हसल्या. बाई हसल्या नाहीत.

सरकारचं कौशल्य केंद्र म्हणजे एका जुन्या गोदामात पार्टिशन घालून काढलेल्या दोन खोल्या. एकीत बाकं. दुसरीत एक पलंग, एक आरसा आणि नळ न जोडलेलं बेसिन. हिला सरावाची खोली म्हणत. पलंगावर कधी कुणी झोपलं नव्हतं. मुली तो रोज विस्कटत आणि रोज नीट लावत.

प्रांत एवढासा. राजधानीत मंत्री शिंकले की सीमेवरचा शिपाई रुमाल काढतो, असं लोक म्हणत. इथे धोरण यायला वेळ लागत नाही, जायलाही लागत नाही. आधी कपड्यांचे कारखाने येणार होते, म्हणून बाईंनी शिवण शिकवली. एक कारखाना खरंच आला. बाईंचे यजमान तिथे कटिंग मास्तर झाले. करमाफीची वर्षं सरली आणि कारखान्याला शेजारच्या प्रांताची हवा जास्त मानवली. यजमान तेव्हापासून घरीच. मग फोनवर बोलायचे धंदे येणार म्हणून शिवणयंत्रं गेली, हेडफोन आले. आता पर्यटन. दर वेळी बाईंना राजधानीला बोलावून आठवडाभरात नवा विषय शिकवत. त्या परत येत तेव्हा चेहरा बस लागल्यासारखा असे.

"तुमचं केंद्र म्हणजे गाजराची पुंगी," यजमान म्हणत.

"असू दे. त्या पुंगीवरच चूल पेटते आपली."



मुली मात्र बाईंचा शब्द मानत. "थांबा, येतंय काहीतरी," असं बाई म्हणाल्या म्हणून कितीजणी थांबल्या होत्या. त्यातल्या काही आता बाजारात भेटत, कडेवर मूल आणि हातात पिशवी. "बऱ्या आहात ना बाई?" असं विचारत. कुणी दोष देत नसे. तेच बाईंना जड जाई.

बहीण वारल्यापासून तिची मुलगी बाईंकडेच वाढली होती. वर्गात ती त्यांना बाई म्हणे, घरी मावशी. तिच्या आधीच्या तुकडीतली एक मुलगी दूरच्या शहरात हॉटेलात लागली होती. तिने भाचीसाठी जागा बोलून ठेवली. पण वर्ग आधीच रोडावला होता. आणखी एक मुलगी गेली की केंद्राला टाळं लागणार, हे बाईंना कळवलेलं होतं आणि घरात सगळ्यांना ठाऊक होतं.

निघायच्या आदल्या संध्याकाळी दोघी वाळलेले कपडे घडी करत बसल्या होत्या.

"मावशी, तू थांब म्हणालीस तर मी थांबते."

"मी कशाला म्हणू?"

"मग जा म्हण."

"तेही मी कशाला म्हणू? घोडी झालीस आता."

"घोडीला लगाम तुझाच आहे ना," भाची म्हणाली. "काकांचं औषध, घराचं भाडं, सगळं तुझ्या एकटीवर. माझ्यामुळे केंद्र बंद पडलं तर तिकडे मला घास गिळवेल का?"

बाईंनी उशीचा अभ्रा पुन्हा उलगडला, पुन्हा घडी केला. "उद्या बघू," त्या म्हणाल्या.

दुसऱ्या दिवशी दुपारी विभागाचे साहेब आले. सोबत पुठ्ठ्यावर चिकटवलेलं चित्र होतं: टेकडी, टेकडीवर हॉटेल, हॉटेलापुढे निळं पाणी.

"पुढच्या वर्षी हे इथे उभं राहणार," साहेब म्हणाले. "परक्या मुलखात जाऊन दुसऱ्याच्या चादरी कशाला झटकायच्या? घरच्या झटका."

"साहेब, ते निळं पाणी कुठून आणणार हो?" मागून एकजण म्हणाली. "आमच्याकडे टेकडीखालीसुद्धा दिवसाआड येतं."

वर्ग हसला. साहेबही हसले, पण घाम पुसत. माणूस वाईट नव्हता. त्यांच्याही वर कुणीतरी होतं.

"माझ्यावर विश्वास नसेल तर तुमच्या बाईंना विचारा," ते म्हणाले. "बाई, सांगा यांना. थांबायचं ना?"

हसू विरलं. सगळ्या मुली बाईंकडे वळल्या. भाची पहिल्या बाकावर होती. तिची बस संध्याकाळची होती. तिने ओठ घट्ट मिटले होते, निकाल ऐकायला बसावं तसे.

बाई खुर्चीवरून उठल्या. त्यांनी चष्मा काढून पिशवीत ठेवला. बोलायला पुढे येतायत असं वाटून साहेबांनी चित्र बाजूला धरलं, वाट करून दिली. बाई त्या वाटेने पुढे आल्या, त्यांच्यासमोरून गेल्या, दाराशी वाकून चपला पायात सरकवल्या आणि एक शब्दही न बोलता बाहेर पडल्या.