उभ्या गाडीची निगा

आमच्या इमारतीच्या पार्किंगमध्ये सकाळी ओल्या फरशीचा वास असतो, वरच्या कुठल्यातरी स्वयंपाकघरातून उतरलेल्या फोडणीचा असतो, आणि या दोन्हींवर हळूहळू पसरत जाणारा पेट्रोलच्या धुराचा. हा धूर बाबांच्या गाडीचा. शरदातली तिरपी उन्हं खांबांच्या मधून आत येऊन त्या धुरात अडकत, आणि क्षणभर तो देवघरातल्या धुपासारखा दिसे.

बाबांची निगा मोठी देखणी होती. आधी गाडीवरचं आवरण काढून त्याची पैठणीसारखी घडी घालायची, मग ऑइलची पट्टी जुन्या बनियनच्या तुकड्याने पुसून पातळी बघायची, बॅटरीच्या टोकांवर साठलेली पांढरी भुकटी गरम पाण्याने धुवायची, चाकांना अंगठ्याने दाबून हवेचा अंदाज घ्यायचा. शेवटी इंजिन चालू करून, चहा निवेपर्यंत, शेजारी उभं राहून त्याचा आवाज ऐकायचा. मग बंद. पुन्हा आवरण. दसऱ्याला, आणि गॅरेजला नेण्यापुरती, गाडी फाटकाबाहेर पडे. एरवी ती जागेवरच चालत असे. बाबांचं लहानपण नारायण पेठेतल्या दोन खोल्यांत गेलं, जिथे सायकलसुद्धा जिन्याखाली दुसऱ्याच्या सायकलींवर रचून ठेवावी लागे. धायरीत त्यांनी घर घेतलं ते हवेसाठी नाही, छपराखालच्या पार्किंगसाठी. हे सगळं मला समजतं, पण समजल्याने राग कमी होत नाही.

मी इंग्रजी शाळेत शिकले, म्हणून गाडीबरोबर आलेलं माहितीपुस्तक माझ्या वाट्याला आलं. सुट्टीच्या सकाळी पायरीवर बसून मी ते वाचायचे आणि मराठीत सांगायचे. खाली खेळणाऱ्या मुलींशी बोलायला मी बुजायचे. बाबांशी बोलण्याचं हे एक निमित्त होतं, आणि ते मला फार प्रिय होतं. त्यात एका पानावर लिहिलं होतं की गाडी सतत उभी ठेवू नये, जागेवर इंजिन चालवणं पुरेसं नाही, अधूनमधून ती लांबवर न्यावी. बाबांनी ऐकून घेतलं आणि म्हणाले, "लिहिणाऱ्याला सिंहगड रोडवर गाडी काढायची नसते. पुढचं पान वाच."

मला चाकणला नोकरी लागली तेव्हा सगळं शहर मध्ये आडवं पडलेलं होतं आणि कंपनीची बस धायरीपर्यंत येत नव्हती. बाबा आपणहून म्हणाले, गाडी ने. पण आधी टायर बदलायला हवे होते. टायर आले, मग बॅटरीची शंका निघाली. ती नवी बसली, तर क्लच जड वाटू लागला. प्रत्येक वेळी ते गॅरेजहून समाधानाने परत येत आणि दुसऱ्या दिवशी कुठलातरी नवा आवाज त्यांना ऐकू येई. मी कंपनीकडे मुदत मागून घेतली. ती पुन्हा मिळणार नव्हती. आई एकदा कोथिंबीर निवडता निवडता, मान वर न करता म्हणाली, "अहो, गाडी नीट झाली की पोरगी जाणार, म्हणून तर ती नीट होत नाही ना?" बाबा उठून खाली पार्किंगमध्ये गेले.

रुजू होण्याच्या दिवशी मी गाडी काढली. बाबा शेजारी बसले. वारज्यापर्यंत सगळं सुरळीत होतं. रस्त्याकडेच्या गवताचे तुरे उन्हात चमकत होते आणि मला पहिल्यांदाच त्या गाडीच्या आत बाहेरची हवा असल्यासारखं वाटलं. चांदणी चौकाच्या चढावर तिने दोनतीन गचके दिले आणि ती थांबली. मागून ट्रक कर्कश हॉर्न वाजवत वळसा घेऊ लागले. बाबा म्हणाले, क्लच असा सोडतात का, तुझ्या हातात द्यायलाच नको होती.

फोन केल्यावर आमचे नेहमीचे गॅरेजवाले स्कूटरवरून आले. त्यांनी पेट्रोलची गाळणी काढून फडक्यावर आपटली, तर टाकीतला गंज चहाच्या चोथ्यासारखा बाहेर पडला. "जागेवर चालायला पेट्रोल कितीसं लागतं काका? तेवढं येत होतं," ते म्हणाले. "चढावर जास्त मागितलं, मिळालं नाही." मग हात पुसत त्यांनी विचारलं, "गाडी आहे का देव्हारा? रोज पूजा करता आणि बाहेर काढत नाही." बाबा हसले. त्यांना ते कौतुक वाटलं असावं.

मग बाबा माझ्याकडे वळले. "बघ, मी म्हणतच होतो. कळवून टाक त्यांना. कर्वेनगरला इतकी कॉलेजं आहेत, बघू तिथे काहीतरी." त्यांच्या आवाजात चीड नव्हती, काळजीही नव्हती. सुटका होती. कोंडी फुटल्यावर माणूस सोडतो तसा एक श्वास त्यांनी सोडला, आणि तो श्वास मी अजून त्यांना माफ केलेला नाही. मी किल्ली त्यांच्या हातात दिली आणि मोबाईलवरून रिक्षा बोलावली. मी रिक्षात बसत असताना ते एवढंच म्हणाले, "उन्हात कुठे निघालीस?"

उशिरा का होईना, पोहोचले. आता चाकणलाच खोली घेऊन राहते. बाबा फोनवर टाकी धुतल्याचं सांगतात, नवी गाळणी कशी आहे ते सांगतात. मी जेवते का, हे आईकडून विचारून घेतात.

निघून आले की सुटले, असं मला वाटलं होतं. इथे शनिवारी ऑफिसातल्या मुली स्कूटरी काढून मागच्या डोंगराकडे जातात आणि दर वेळी मला विचारतात. कुणी अडवणारं नाही. तरी कधी कपड्यांना इस्त्री करायची राहिलेली असते, कधी घसा खवखवल्यासारखा वाटतो, कधी आधी एक काम संपवून टाकावं असं मनात येतं. या कारणांत बाबांचा आवाज मी पुष्कळदा शोधला आहे. तो सापडला असता तर बरं झालं असतं. सगळी कारणं माझीच असतात, माझ्याच आवाजात, आणि ऐकायला अगदी शहाणी.

आज शेजारच्या खोलीतली सायली दारात येऊन उभी राहिली. "येतेस का? नसेल यायचं तर स्पष्ट सांग बाई, दर वेळी ताटकळत ठेवतेस." तिच्या मागे जिन्यात ऊन होतं आणि पिकल्या गवताचा कोरडा, गोडसर वास आत येत होता.

मी म्हणाले, "तुम्ही व्हा पुढे, मी एवढं आवरून येते."

ती गेली. मी वळून पाहिलं. खोलीत आवरण्यासारखं काहीच नव्हतं.