हिराकाकूचे दोन ठिपके

पोळ्याच्या आदल्या दिवशी संध्याकाळी माझा भाऊ विलास आमच्या आळीच्या तोंडाशी चाकू लागून गेला. दोघांचं भांडण सोडवायला गेला होता. एवढं सगळ्या जुन्नरला माहीत आहे. पुढचं मी कुणालाच सांगितलेलं नाही — आईलाही नाही.

त्याच्या आदल्या वर्षी एक सरकारी योजना आली होती. शहरात मारामाऱ्या नेमक्या कुठे आणि केव्हा होतात ते नकाशावर मांडायचं, आणि जिथे एकाहून जास्त तक्रारी, तिथे सरकारच्या पैशांतून दिवे आणि गस्त. कल्पना मला फार आवडली होती — अजूनही आवडते. मी कॉलेजात भूगोल शिकवत होते, म्हणून एकेका तक्रारीचा ठिपका कॉम्प्युटरवरच्या नकाशात मांडायचं काम माझ्याकडे आलं. विलास हसायचा. "ताई, आपलं भांडण पण टाक की. घरापुढं गस्त तरी येईल."

तक्रारींत आमच्या आळीच्या दोन निघाल्या. दोन्ही हिराकाकूच्या. ती आमच्या समोर राहते. भाजी विकणारी, एकटी बाई. दारूच्या गुत्त्यावरून येणारे आळीच्या तोंडाशी सुरे काढतात, हे सांगायला ती एकटीच चौकीत गेली होती. आम्ही कुणी गेलो होतो का? नाही.

आणि मी काय केलं? धाकट्या बहिणीचं, सुनंदाचं लग्न राजुरीच्या एका घरात जमत आलं होतं. मुलाचे मामा नगरपालिकेत होते. नकाशा त्यांच्या टेबलावरून जाणार होता. सुऱ्यांच्या आळीतली मुलगी कोण करील, असं आई एकदा बोलली होती. पण तिने मला काही करायला सांगितलं नाही — ते मीच केलं. दोन्ही ठिपके उचलून एसटी स्टँडवर ठेवले. तिथे आधीच पुष्कळ होते. दोनाने काय होतंय?

दिवे स्टँडला लागले. आळीत अंधार राहिला. मग तो पोळा आला.

तेराव्यानंतर हिराकाकू आमच्या उंबऱ्यात येऊन बसली. "म्या दोनदा सांगितलं व्हतं गं. कुणी लिवलंच न्हाई."

आई म्हणाली, "हिरे, मेलेल्याच्या घरात तरी खोटं बोलू नको. नकाशा माझ्या लेकीनं केलाय."

काकूने माझ्याकडे पाहिलं. मी — तांब्या घेऊन आत गेले. पाणी नको होतं कुणाला.

तेव्हापासून आळी तिला खोटारडी म्हणते. मी ऐकत आले.

पुढच्या खेपेला पैसे आले तेव्हा मी तिचे ठिपके जागेवर ठेवले, शेजारी विलासचाही. खांब उभे राहिले, गस्त सुरू झाली, गुत्ता उठला. त्यानंतर आमच्या आळीत सुरा निघालेला नाही. सुनंदाची मुलगी सुट्टीत येते, दिवे लागल्यावरही बाहेर लंगडी खेळते. तिला आत बोलवावं लागत नाही.

हे आधी आईला वाचून दाखवणार आहे. मग समोरच्या दारात जाईन. माफी मागायला माझ्याकडे तोंड नाही.

विलास नाही. आळीत दिवा आहे. हिराकाकू खरं बोलत होती.