मोडलेली वावरं

कापसावरचा माझा शोधनिबंध छापून आला, तेव्हा मी त्याला कापडी बांधणी करून घेतली होती. बीटी वाण कोरडवाहू जमिनीतही लाभाचे ठरते, हा त्याचा निष्कर्ष. त्यातला आलेख घेऊन मी गावोगावच्या शाळांत भाषणे दिली.

पुढे माझ्या एका विद्यार्थिनीने, जी आता आमच्याच महाविद्यालयात संख्याशास्त्र शिकवते, तो निबंध नव्या रीतीने संकेतस्थळावर ठेवला. मजकुराच्या मधोमध आकडेमोडीचा कोड. वाचकाने एखादी ओळ बदलून बटण दाबले की आलेख त्याच्यासमोर नव्याने उमटतो. मला अभिमान वाटला. पिंपळगाव राजा या गावच्या शेतकरी चाचांना मी मुद्दाम बोलावले. निबंधासाठी केलेल्या सर्वेक्षणात त्यांनीच मला घरोघर नेले होते. त्यांचेही काम होतेच: बरड, खडकाळ वावरात यंदा कापूस लावावा की तूर, यावरून मुलाशी वाद चालला होता.

एक ठिपका म्हणजे एक शेत, असे तिने समजावले.

"मंग माह्यं वावर दाखव, बेटा," चाचा चष्मा पुसत म्हणाले.

जुन्या गठ्ठ्यातून मी त्यांच्या सर्वेक्षण-अर्जाचा क्रमांक काढून दिला. आलेखात तो नव्हता. तिने कोड वरपासून वाचला आणि एका ओळीवर ती थांबली: उताऱ्याचा, म्हणजे पिकाच्या उत्पन्नाचा, रकाना रिकामा असल्यास नोंद वगळावी. ती सूचना माझी होती.

मग मला आठवले. त्या वर्षी पीक हातचे गेले म्हणून चाचांनी दसऱ्याआधीच पऱ्हाटी, म्हणजे कापसाची उभी झाडे, मोडून हरभरा पेरला होता. आमच्याकडे असे झाले की उतारा शून्य आला असे कोणी सांगत नाही. 'मोडलं' म्हणतात आणि चहा पुढे करतात. मी रकाना कोरा सोडत असे. घरी येऊन त्याच अर्जांवर मी 'माहिती अपूर्ण' असा शेरा मारला होता.

ती ओळ काढू का, म्हणून तिने माझ्याकडे पाहिले. अशी शेते चार-दोनच असतील, या भरवशावर मी मान हलवली. ती ओळ निघाली, कोऱ्या जागी शून्य बसले. तळाशी ठिपक्यांची रांगच्या रांग उमटली आणि माझी चढती रेघ खाली आली.  

चाचांनी पडद्यावर बोट ठेवले. "हे आमी?"

ती हो म्हणाली.

"मोडलं, पन पेरलं तर होतं ना, सर." आवाजात राग नव्हता. "तुमचा कागद पाहून दुसऱ्या वर्षीबी तेच लावलं. म्हनलं, आपलंच काही चुकलं असन."

स्वतःच्या वावरापेक्षा त्यांनी माझ्या आलेखावर विश्वास ठेवला होता.

कोणता आलेख ठेवू, असे तिने हळूच विचारले. दोन्ही ठेव, मी म्हणालो. जुन्या आलेखाच्या वर मी स्वतः लिहिले: मोडलेली शेते मी वगळली होती, ती चूक माझी. चाचांनी ते मला मोठ्याने वाचायला लावले. मग खिशातला मोबाइल तिच्यापुढे धरला.

"याच्यात टाकून दे, बेटा. पोराले दाखवतो. बटन त्यालेच दाबू दे."