वस्त्रगाळ राखेचा डबा

इरण्णा मिस्त्री गेल्याचं मला दोन आठवड्यांनी कळलं. मी बाहेरगावी होते. परत आले त्या सकाळी माझ्या दवाखान्याच्या पायरीवर त्यांच्या पत्नी गुरुबाई बसल्या होत्या. मांडीवर पत्र्याचा एक डबा होता. "झोपेतच गेले, बाई. तरास न्हाई झाला," त्या म्हणाल्या, आणि डबा माझ्या हातात दिला. "ह्यो तुमच्या गाडीचा. गॅरेज आवरताना सापडला." मी झाकण उघडलं नाही. आत काय आहे ते मला माहीत होतं.

माझी गाडी जुनी. निवृत्त झालेल्या एका डॉक्टरांकडून घेतलेली. बाजाराच्या दिवशी मी तिच्यातून मंद्रूपला जाते, कारण आसपासच्या गावांतल्या गरोदर बाया त्या दिवशी बाजाराला येतात आणि तपासून घेतात. एरवी केवळ तपासणीसाठी त्यांना कोणी घराबाहेर सोडत नाही. बहात्तरच्या दुष्काळात ही गाडी तेल गाळायला लागली. इंजिनावर तेल, तेलावर धूळ, असं सगळं काळं, चिकट होऊन बसलं होतं. एकदा विजापूर रस्त्यावर ती बंदच पडली. मी पोचले तेव्हा बाजार उठला होता. जुळ्याचा संशय असलेली एक बाई दुपारपर्यंत वाट पाहून चालत घरी गेली होती. तिचं पुढे ठीक झालं, पण त्यात माझं श्रेय काहीच नव्हतं. शहरातल्या तीन गॅरेजवाल्यांनी इंजिनाचे स्क्रू आणखी आवळून दिले आणि गाडी भंगारात काढण्याचा सल्ला दिला. चौथे इरण्णा.

मिस्त्री बुटके होते, कपाळावर विभूतीचे तीन पट्टे, घरी कानडी आणि गिऱ्हाइकाशी मराठी. त्यांनी इंजिन पाहिलं आणि म्हणाले, "आधी आंघोळ. मग आजार." दिवसभर त्यांनी त्या इंजिनाला रॉकेलनं धुतलं. पाणी-रॉकेल जाऊ नये त्या जागांना चिंध्या बांधल्या, बांबूच्या काडीनं एकेक खाच खरवडली. संध्याकाळी मी गेले तर इंजिन धातूचं आहे हे मला पहिल्यांदाच दिसलं. पण त्याच्यावर सगळीकडे पांढुरकी राख फासलेली होती. मिस्त्री चहाला गेले होते.

मला देवभोळेपणाचा मुळातच राग. पोटात कळा येत असताना अंगारा लावून बसवून ठेवलेल्या बाया मी रोज बघते. कपाळावरचे पट्टे आठवले आणि मी ठरवून टाकलं की या माणसानं माझ्या इंजिनाला विभूती लावली आहे. तिथलंच फडकं उचललं आणि सगळं लख्ख पुसून काढलं. मिस्त्री दारातूनच ओरडले, "निल्री, निल्री!" थांबा म्हणायचंही त्यांना मराठीत सुचलं नाही.

"विभूती देवापुढे ठेवा," मी म्हटलं. "मला गाडी चालायला हवी आहे."

"इभूती?" ते माझ्याकडे बघतच राहिले. "बाई, चुलीची राख हाय ती. वस्त्रगाळ केलेली. देवाचं मी कपाळाला लावतो, इंजिनाला कशाला लावू? इंजिन चालवून आणलं होतं आत्ता. राख कुटं भिजली ते बघायचं, तितनं गळतंय... तुमी ताप बघायच्या आधीच थर्मामीटर झटकलं की हो!"

माफी मागायची मला सवय नाही, ती त्या दिवशी मागितली. "ऱ्हाऊ द्या," ते म्हणाले. "डॉक्टर माणूस घाईचाच असतोय." मग त्यांनी डबा काढला, पुन्हा राख फासली, दहा मिनिटं इंजिन चालवलं आणि मला शेजारी उभं करून दाखवलं. वरच्या झाकणाच्या कडेनं राख काळी पडत चालली होती, मागच्या बाजूलाही एक ओघळ उतरत होता. त्यांनी एक वाकडी नळी काढून माझ्यासमोर धरली. आत मळी घट्ट बसलेली. "हे इंजिनाचं नाक. नाक चोंदलं की आतली वाफ मिळंल तितनं तेल ढकलती. अन् ह्या शहाण्यांनी वरनं स्क्रू आवळले. लई आवळलं की झाकण वाकतंय." वाकलेलं झाकण त्यांनी शहाबादी फरशीवर ठेवून हलक्या हातानं ठोकून सरळ केलं, कॉर्कचं नवं पॅकिंग कापलं, नळी मोकळी केली. "रात्री गाडीखाली कागद घाला. एखादा थेंब पडला तर चालतंय. म्हातारपणी शिंक येतीच."

पुढच्या बाजाराला मी वेळेवर पोचले, आणि नंतरही. दरवर्षी संक्रांतीची गड्ड्याची जत्रा जवळ आली की मिस्त्रींचा निरोप यायचा, "आंघोळीला आणा." मी गेले की गॅरेजमधल्या सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणायचे, "फडकं लपवा रे, बाई आल्या!" सात वर्षं हा एकच विनोद. मी रागावल्याचं दाखवत असे, पण ते म्हणाले नसते तर चुकल्यासारखं झालं असतं...

या वर्षी निरोप आला नाही. डबा आला. गाडीखालच्या कागदावर तेव्हा बशीएवढा डाग पडत होता, आणि विकून टाकावी असं पुन्हा एकदा मनात येऊन गेलं. पण मंद्रूपला जाणारी दुसरी डॉक्टरीण मला ठाऊक नाही. रविवारी मी पदर खोचला आणि इंजिन स्वतः धुतलं. गुरुबाई येऊन पायरीवर बसल्या. डबा मी उचलला आणि पुन्हा खाली ठेवला. ही त्यांनी गाळलेली शेवटची राख होती. "लावा की," गुरुबाई म्हणाल्या. "ठेवून काय करायची? फकस्त पुसू नका." म्हणजे घरीही सांगून झालं होतं!

राख फासून दहा मिनिटं इंजिन चालवलं, तर खालच्या एका स्क्रूपाशी ती भिजली. तो स्क्रू पाव फेरा आवळला, जास्त नाही. नळीही काढून पाहिली, मोकळी होती. बाजाराच्या दिवशी सकाळी कागद ओढला, तर एकच थेंब. तेवढा चालतो. मी गाडी काढली.

डबा मागच्या सीटखाली आहे. राख निम्मी उरली आहे. संपली की गुरुबाई त्यांच्या चुलीची गाळून देणार आहेत, तसं आमचं ठरलं आहे.