पायाळू दीपाचं शिक्षण

दीपाकडे लोक येत ते तिच्या पायासाठी. तिच्या तोंडातून काय निघते, याच्याशी कोणाले घेणंदेणं नव्हतं.

मी अय्यूब. बोरी अरब ते दारव्हा काळी-पिवळी चालवतो. भगवानरावच्या दोन्ही पोरी माह्याच गाडीत बसून शाळेत गेल्या, कॉलेजात गेल्या, म्हणून हे सांगाचा हक्क आहे मले. मोठी दीपा, लहानी खुशी. दीपा पायाळू. जन्मताना डोक्याच्या आधी पाय बाहेर आलते. असल्या माणसानं दुखत्या जागेवर पाय ठेवला का उसण निघून जाते, असं आमच्या इकडे सारे मानतात, हिंदू काय अन् मुसलमान काय. पोरगी धड बोलत नव्हती तवापासून तिले ओट्यावर उभी करत. कोणाची कंबर, कोणाची मान. टायर बदलताना माह्यी कंबर भरली तं मीही गेलतो. चिमुकला पाय लागला, दोन दिवसांत कंबर मोकळी. आता ती दोन दिवसांत तशीही मोकळी झाली असती, हे मोठी झाल्यावर दीपानंच मले सांगतलं. मले राग आलता, खोटं कायले बोलू.

बारावीनंतर ती अमरावतीले विद्यापीठात गेली. खेळाडूच्या दुखापती कशा सांभाळाच्या, अन् लोकायले दुखणं येऊच नये म्हणून काय शिकवाचं, असा तिचा कोर्स. नाव लंबंचवडं इंग्रजी. कोणी विचारलं का तिची माय मैनाबाई सांगे, "मालिश शिकून राह्यली." एका सुट्टीत दीपानं शाळेच्या मैदानात पोरं उभी केली. धावायच्या आधी अंग कसं मोकळं कराचं, दुखलं तं कधी थांबाचं, सारं करून दाखवलं. पोट्टे दात काढत होते. ती फाटकाबाहेर आली तं दोन बाया कंबर धरून उभ्या.

"पोरी, जरासा पाय लाव वं."

म्या म्हटलं, दीपा, तुले पायाचीच डिग्री द्याले पायजे. ती हसली नाही.

खुशीची गोष्टच न्यारी. तिले पोलिसची वर्दी पायजे होती, बाकी काहीच नाही. उजाडायच्या आधी दारव्हा रोडच्या डांबरावर पोट्ट्यायसोबत धावे, पायात झिजलेले बूट. मागच्या भरतीत थोडक्या मार्कानं राह्यली. भगवानराव म्हणाला, "ही भरती झाली तं झाली, नाही तं महागावची सोयरीक पक्की." महागावच्या पोराचं कृषी केंद्र होतं. खुशीले ते पोरगंही नको होतं अन् ते गावही नको होतं. म्हणून ती जीव तोडून धावे.

भरती तोंडावर आली अन् तिची नडगी दुखाले लागली. धावताना दुखे, मंग झोपेतही ठणकाले लागली. मैनाबाईनं अमरावतीले फोन केला, अन् दीपा आली ते माह्याच गाडीत.

खुशीले बाजेवर बसवून तिनं नडगीवरून अंगठा फिरवला. एका ठिकाणी खुशीनं पाय झटकन मागे घेतला. "आता त्याच पायावर उडी मार," दीपा म्हणाली. खुशीनं मारली, अन् भिंत धरून खाली बसली. दीपाचा चेहरा उतरला.

"हाडाले चीर जाऊन राह्यली. दीड महिना धावाचं नाही."

 मंग भगवानराव उठला अन् म्हणाला, फोटो काढू. दारव्ह्याले एक्स-रे काढला. त्यात हाड साफ. दीपानं सांगून पाह्यलं, सुरुवातीले असली चीर एक्स-रेत दिसत नाही, यवतमाळले मोठ्या मशीनवर दाखवा. भगवानराव म्हणाला, "मशीनले दिसत नाही अन् तुह्या अंगठ्याले दिसते काय?"

खुशी म्हणाली, "ताई, तू बोलू नको. तू पाय लाव न."

दीपानं साफ नकार दिला. मैनाबाईनं डोळ्याले पदर लावला. "साऱ्या गावाले लावला अन् सख्ख्या बहिणीले लावत नाही. जळते तिच्यावर." असं दोन-तीन दिवस चाललं. घरात कोणी दीपासोबत धड बोलेना. शेवटी ती म्हणाली, "लावीन. पण यवतमाळले दाखवल्याबिगर धावाचं नाही. कबूल?" खुशी कबूल म्हणाली. पोरगी खोटं बोलून राह्यली, हे मले दारातून दिसत होतं, पण मी कोण बोलणारा?

दीपानं पाय ठेवला. दुखू नये म्हणून इतका अलगद, का ठेवला का नाही समजलं नाही. खुशी डोळे मिटून बसली होती. उठली, चार पावलं चालली. "हलकं वाटून राह्यलं," म्हणाली. तवा दीपा घाबरली. म्या पाह्यलं.

दुसऱ्या दिवशी खुशी दुखण्याच्या गोळ्या खाऊन रस्त्यावर. दीपा मागे धावत गेली, तिचा हात धरला. "मले कबूल केलतं तू!"

"पाय लावला ना तू? मंग काहून अडवतं?" खुशी म्हणाली. दीपाच्या हातून तिचा हात सुटला. लहानपणापासून अख्खं गाव तिच्या पायाले गुण आहे म्हणत आलतं, अन् काल तिनं तोच पाय लावलता.

भरतीच्या दिवशी यवतमाळले सारे माह्याच गाडीत. खुशी आत गेली, आम्ही मैदानाच्या भिंतीबाहेर. दीपा फाटकावरच्या शिपायाशी बोलायले निघाली, तं मैनाबाईनं तिचं मनगट धरलं. "तिच्या ताटात माती कालवू नको." दीपा थांबली. मले आजही वाटते, तिनं हात सोडवून जाले पायजे होतं. पण माय आहे बाप्पा, मायचा हात कसा सोडवाचा?

आठशे मीटरच्या शेवटच्या वळणावर खुशीचं हाड मोडलं. आमाले फक्त शिट्ट्या ऐकू आल्या, अन् मंग आतून अँब्युलन्स निघाली.

ऑपरेशन झालं, गुडघ्याजवळून नडगीत सळई टाकली. वर्दी गेली. महागाववाल्यायनं निरोप धाडला, आमाले लंगडी पोरगी नको. अन् गाव काय म्हणते? "पोरगी शिकाले गेली अन् पायाचा गुण गेला." माह्यं टाळकंच फिरलं. पानठेल्यावर म्या ओरडून सांगतलं, लेकहो, ते हाड धावल्यानं मोडलं, दीपानं आधीच सांगतलं होतं. त्याईनं माह्याकडे पाह्यलं अन् सुपारी कातरत राह्यले.

दीपा परीक्षा सोडून घरी बसली. गुडघा रोज वाकवला नाही तं असाच आखडून जाईन, म्हणे. पण खुशी तिले हात लावू देईना. भिंतीकडे तोंड करून पडून राहे. जेवणाचं ताट मायच्या हातचं घे, दीपाच्या हातचं पाणीही घेईना. असे कितीतरी दिवस गेले, अन् तो पाय बाजेवर लाकडासारखा पडून.

मी औषध द्याले गेलतो तवाची गोष्ट. दारात मैनाबाई होती, शेजारच्या बाया होत्या. दीपा बाजेजवळ टॉवेलची घडी घेऊन बसलेली. खुशी भिंतीकडे पाहूनच बोलली.

"तू मनातून पाय नव्हता लावला. म्हणून मोडलं. खरं सांग."

मले वाटलं, आता बोलते दीपा. चीर, गोळ्या, डांबर, सारं तिच्या तोंडाशी आलं असन. बायाही कान टवकारून उभ्या.

"हाव," दीपा म्हणाली. "मनातून नव्हता लावला. चुकलं माह्यं."

बायायनं एकमेकीकडे पाह्यलं. सांजेपर्यंत हे बोलणं साऱ्या गावात पसरन, हे दीपाले समजत नव्हतं काय? खुशी लय वेळ रडली. मंग तिनं तोंड इकडे वळवलं अन् पाय पुढे केला. दीपानं टाचेखाली टॉवेल सरकवला अन् गुडघा हळूहळू वाकवाले घेतला.