नावाची हाक

काल कचेरीबाहेरच्या बाकावर बसले होते, समोर टँकर गळत होता. ओल्या मातीचा वास आला आणि मी मुरुडच्या त्या दुपारी जाऊन पोहोचले. लातूर जिल्हा नुकताच झालेला, विहिरी आटलेल्या. पोलिओनं माझा एक पाय वाळलेला. रांगेत माझी घागर पुढं आली. बाकीच्या बायांना नावानं हाक मारणारा टँकरवाला मला म्हणाला, “ए लंगडे, आण घागर!”

मी हललेच नाही. “सुमन नाव हाय माझं.”

आई कळवळली, “पोरी, पाणी संपंल की गं!”

“संपू दे.”

मागच्या बाया ओरडायला लागल्या, तेव्हा कुठं तो पुटपुटला, “सुमन, आण.”

कचेरीतून शिपायानं अदबीनं हाक मारली, “दिव्यांग ताई, या आत.”

मी बाकावरून उठले नाही.