प्रोटोकॉलमध्ये नसलेली ट्यूब

मीटिंगमध्ये तिन्ही लॅबचे आकडे पडद्यावर होते. आमचे आणि बाणेरच्या लॅबचे जुळत होते. खराडीचे जवळजवळ निम्मे.

सॅम्पल एकच, त्याचे तीन वाटे केलेले. प्रोटोकॉल, म्हणजे कामाची लेखी पद्धत, तिन्हीकडे मीच लिहून दिलेली. रक्तातल्या एका प्रोटीनचे एन्झाइमने तुकडे करायचे आणि ते मास स्पेक्ट्रोमीटरवर, म्हणजे रेणूंचं वजन करणाऱ्या मशिनवर, मोजायचे. तिन्हीकडे उत्तर सारखं आलं, तरच पेशंटसाठी टेस्ट उभी करता येते.

खराडीचं काम मेघना करायची. वर्ध्याची मुलगी, कॉन्ट्रॅक्टवर. तिने हात वर केला.

"सर, तुम्ही ट्यूब कोणती वापरता? प्रोटोकॉलमध्ये दिलेलं नाही."

"अहो, असले प्रश्न आमच्याकडे एम.एस्सी.ची मुलंही विचारत नाहीत," मी म्हणालो.

सगळे हसले. मीही हसलो, याची आज लाज वाटते.

मीटिंगनंतर तिच्या बॉसने मला जिन्यात गाठलं. "सर, दोष मशिनचा की माणसाचा? तिचं रिन्यूअल याच महिन्यात आहे."

"मशिन उत्तम आहे तुमचं," मी म्हणालो. "हात कच्चा आहे."

रिन्यूअल झालं नाही.

काही महिन्यांनी आमच्या नेहमीच्या ट्यूब संपल्या, नवी ऑर्डर अडकली. साध्या ट्यूबमध्ये काम उरकलं, तर आमचेही आकडे थेट निम्म्यावर. पातेल्याला साय धरावी तसे प्रोटीनचे तुकडे प्लास्टिकला चिकटून बसले होते. आम्ही वर्षानुवर्षं न चिकटणाऱ्या खास ट्यूब वापरत आलो होतो. त्या इतक्या अंगवळणी पडल्या होत्या, की प्रोटोकॉलमध्ये लिहायचं मला सुचलंच नाही.

आणि बाणेरची लॅब? तिथला प्रमुख माझाच विद्यार्थी. जाताना माझी सवयही घेऊन गेला होता. दोन लॅब जुळल्या म्हणून मी ऐटीत होतो, पण खरं तर ती एकच लॅब होती.

मेघनाला फोन केला. ती हिंजवडीत सॉफ्टवेअर टेस्टिंग करत होती. सगळं सांगितलं, माफी मागितली. "तुमच्या जुन्या बॉसशी बोलतो. परत या."

तिने विचारलं, "म्हणजे माझा हात बरोबर होता, सर?"

"बरोबर होता."

"हे तेव्हा हवं होतं. आता नको, सर. इथं बरं आहे. इथं प्रश्न विचारले नाहीत, तर ओरडा बसतो."

प्रोटोकॉलमध्ये ट्यूबचा प्रकार आता पहिल्याच ओळीत आहे. लिहायला मिनिटही लागलं नाही. नवख्याने विचारलेला प्रश्न आधी लिहून घ्यावा. हसायचंच असेल, तर नंतर.